चाकं रुळावर

सिरिल बॉरिलला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं, मी त्याला पदरचा चहा पाजीन. माणसाच्या पायाला भिंगरी असते म्हणतात, याच्या सगळ्या अंगालाच होती. उभी हयात ग्रिम्स्बीच्या मासळी गोदीत, बर्फाच्या पाण्यात हात घालून हॅडॉक कापण्यात गेली. निवृत्त झाला तरी हा बाबा घरात चहासुद्धा खिडकीशी उभा राहून प्यायचा. त्याची बायको जून म्हणायची, "त्या खुर्च्या विकून टाकू या. मांजराला एक पुरे."

त्याचा जीव रमायचा तो फक्त इंजिनांत. तरुणपणापासून रविवार उजाडला की फ्लास्कमध्ये चहा, कागदात गुंडाळलेलं हॅस्लेटचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचं, सँडविच, आणि स्वारी निघाली डॉनकास्टरला नाहीतर बार्नेट्बीला. फलाटाच्या टोकाला उभं राहायचं, येणाऱ्या इंजिनाचा नंबर डोळ्यांनी टिपायचा आणि पुस्तकातल्या छापील नंबराखाली रेघ मारायची. झालं. यातून काय मिळतं असं मला विचारू नका. मीही तेच करत आलोय आणि माझ्या बायकोनं विचारून विचारून नाद सोडला. फुटबॉल बघणाऱ्याला तरी काय मिळतं? पडसं.

सिरिलला एकच दुःख होतं. एका जातीची सगळीच्या सगळी इंजिनं पाहून होणं, याला आम्हा लोकांत फार मान. ते त्याला आयुष्यात साधलं नाही. दर वेळी एखादं राहायचंच. हा गोदीत मासे कापत असायचा आणि तिकडं ते राहिलेलं इंजिन भंगारात जायचं. हातातोंडाशी आलेला घास किती वेळा जावा माणसाचा!

म्हणूनच की काय, नियमांच्या बाबतीत तो भलताच कडक झाला. क्लीथॉर्प्सला आमचा क्लब दर मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत जमतो. तिथं त्यानंच नियम करून घेतला होता: चाकं रुळावर असतील तरच इंजिन पाहिलं असं धरायचं. कारखान्यात सुटं करून ठेवलेलं चालणार नाही, जहाजावरचं चालणार नाही, लॉरीवरचं तर मुळीच नाही.

आणि या नियमानंच त्याचा जिवलग दोस्त तोडला. मॉरिस डॅनट. बस चालवायचा, आवाज ढोलासारखा, पण मनानं लोणी. मॉरिसला एका जुन्या जातीतलं एकच इंजिन हवं होतं, आणि ते त्याला सापडलं कुठं, तर हमरस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीपुढं, भंगारवाल्याच्या लॉरीवर. बिचाऱ्यानं बस तिथंच उभी केली. उतारू बोंबलत राहिले आणि हा जाऊन त्या नंबरावर हात फिरवून आला. मंगळवारी क्लबात सगळ्यांना बिअर पाजायला निघाला होता. सिरिल उठला, म्हणजे उभाच होता, आणि म्हणाला, "चाकं कुठं होती?"

"लॉरीवर."

"मग धरायचं नाही."

"अरे, ते उद्या वितळवणार आहेत!"

"वितळवू देत. नियम म्हणजे नियम."

मॉरिस टोपी उचलून चालता झाला. त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जाईना. गंमत अशी की जायचे दोघं त्याच त्याच ठिकाणी. बार्नेट्बीच्या फलाटावर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे आम्ही. "त्या मासेवाल्याला सांग, मालगाडी उशिरानं आहे." "त्या बसवाल्याला सांग, मला माहितीय." आमचा नुसता पोस्टमन झाला होता.

मग आली ती लाल इंजिनं. समुद्रापलीकडून, कॅनडातून, जहाजात भरून, आमच्याच शेजारच्या इमिंगहॅमच्या बंदरात. मालगाड्या ओढायची नवी डिझेल इंजिनं, लाल रंगाची, पोटावर सोनेरी पट्टा. छप्पर परसातल्या पत्र्याच्या खोपटासारखं, म्हणून आम्ही त्यांना खोपटंच म्हणू लागलो. पहिल्यांदा सगळ्यांनी शिव्याच घातल्या. ही आली म्हणजे आमची जुनी जाणार, हे दिसतच होतं. सिरिल तर सगळ्यांत पुढं. "विटा आहेत नुसत्या! एक बघितली काय आणि शंभर बघितल्या काय!"

पण दुसरं जहाज लागलं तेव्हा हा पहाटेच कुंपणाशी हजर. तिसऱ्याला, चौथ्यालाही. विचारलं तर म्हणायचा, "वारा खायला आलोय." इमिंगहॅमला वारा खायला! तिथं वाराच माणसाला खातो. खरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. ही एक जात अशी होती की जिचं एकूण एक इंजिन त्याच्या दाराशी उतरत होतं. कामाची आडकाठी नाही, भंगाराची भीती नाही. जहाजामागून जहाज आलं, रेघेमागून रेघ पडली, आणि शेवटी एका जहाजातले तीनच नंबर उरले.

तेवढ्यात छातीनं दगा दिला. नदीच्या पुलापलीकडं हल शहर, तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, कापून बदलायला हवी. तारीख मिळाली. सिरिलनं ती पुढं ढकलली, जहाज यायचं होतं म्हणून! जून त्या दिवशी जे बोलली ते मी इथं सांगत नाही. जहाज काही आलं नाही. दुसरी तारीख देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्टर बॉरिल, आता ढकललंत तर मला तुमची गरज पडणार नाही आणि तुम्हाला माझी." बुधवारी दुपारी भरती व्हायचं, गुरुवारी कापाकापी. आणि जहाज त्या आठवड्यात हंबर नदीच्या मुखाशी नांगर टाकून बसलं. वारा पडेल तेव्हा आत यायचं म्हणे.

सिरिलच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली, ती बघवेना. खिडकीशी जायचा, झाडं हलतात का बघायचा, परत यायचा. रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की मांजरालासुद्धा "गप्प!" म्हणायचा. जून म्हणाली, "मेल्या, तुझी झडप बंद पडत चाललीय आणि तू झाडं बघतोस?"

"बुधवारच्या आत आलं पाहिजे गं."

"आणि नाही आलं तर?"

तो पुन्हा खिडकीशी गेला. भीती त्याला कापाकापीची नव्हतीच असं नाही. होती, चांगलीच होती. पण नंबर राहून मेलेला माणूस, असं आपल्याबद्दल क्लबात बोललं जाणार, आणि बहुतेक मॉरिसच बोलणार, याची त्याला जास्त होती.

बुधवारी सकाळी जहाज धक्क्याला लागलं. सिरिलची मुलगी लिन त्याला इस्पितळात न्यायला गाडी घेऊन आली, तर हा बॅग, स्वेटर आणि दुर्बीण घेऊन दारात.

"आधी बंदर."

"डॅड, तुला वेड लागलंय का?"

"वाटेतच आहे."

"वाटेत? डॅड, पूल या बाजूला, बंदर त्या बाजूला!"

शेवटी आलेच. कुंपणाशी आम्ही पाचपंचवीस जण होतो. पार पलीकडच्या टोकाला मॉरिस, टोपी कानापर्यंत ओढून. क्रेननं एक खोपट काढलं, अलगद रुळावर टेकवलं. मग दुसरं. दोन रेघा पडल्या, एक नंबर उरला. लिन गाडीतून हॉर्न वाजवत होती. सिरिल कुंपणाची तार धरून या पायावरून त्या पायावर होत होता.

मग जहाजाच्या पोटातून ते वर आलं. शेवटचं. हळूहळू छप्पर दिसलं, मग लाल कूस, मग तो नंबर. आम्ही सगळ्यांनी बघितला. सिरिलनं दुर्बीण खाली केली, डोळे पुसले, पुन्हा लावली. इंजिन हवेत लटकलेलं, चाकांखाली नुसता वारा. आता वळवायचं आणि खाली टेकवायचं, एवढंच उरलं होतं. आणि त्याच वेळी असा झोत आला की माझी टोपी गेली. इंजिन दोरांवर फिरायला लागलं. खालचे लोक ओरडले, हात हलले, आणि क्रेनवाल्यानं ते जसं वर आणलं तसं परत जहाजात उतरवलं. थोड्या वेळानं एक गोदी कामगार कुंपणाशी येऊन म्हणाला, "घरी जा रे बाबांनो. वारा पडेपर्यंत क्रेन बंद. आज तर नाहीच."

लिन जवळ आली. "डॅड, चल. ते लोक थांबणार नाहीत तुझ्यासाठी."

सिरिल हलला, पण गाडीकडं नाही. आमच्या सगळ्यांच्या पुढून, कुंपणाला धरत धरत, तो पलीकडच्या टोकाला गेला. मला तर वाटलं आता हा तिथंच कोसळतो. मॉरिससमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे पोस्टमन नसताना.

"नंबर दिसला ना तुला?"

"दिसला."

"मलाही दिसला." सिरिलला धाप लागली होती. "मग... धरायचं का रे?"

मॉरिसनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "चाकं कुठं होती?"

आमच्यातल्या एकानं, "अरे मॉरिस, जाऊ दे ना आता!" म्हटलं. सिरिलनं हात वर करून त्याला थांबवलं.

"हवेत होती. माहितीय मला. पण मला उद्या कापणार आहेत. परत आलो नाही तर? एवढं एकच राहिलंय रे माझं. तू धर म्हणालास तर मी धरतो. दुसऱ्या कुणाचं नको मला, तुझं हवंय."

काय सांगू तुम्हाला! हा आडमुठा माणूस भीक मागताना मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. आणि मॉरिस म्हणाला, "धरायचं नाही."

"मॉरिस..."

"धरायचं नाही म्हणजे नाही. परत ये आणि चाकं रुळावर बघ. तोवर मीही धरत नाही. रुळावर आलं तरी तुझ्याशिवाय बघणार नाही. आता नीघ, पोरगी हॉर्न वाजवून बॅटरी संपवेल."

लिन संतापानं लालबुंद झाली होती. "दगड आहात तुम्ही, मिस्टर डॅनट! माझा बाप मरायला टेकलाय आणि तुम्ही..."

"लिन," सिरिल म्हणाला, "गाडी काढ." पूल ओलांडेपर्यंत तो एकच शब्द पुटपुटत होता, आणि तो शब्द चर्चच्या मागच्या खोलीत चालत नाही.

कापाकापी झाली. मधे दोन दिवस फार वाईट गेले, जून खुर्चीतच झोपायची. सिरिल शुद्धीवर आला, पण चालायला तयार होईना. तोच सिरिल, ज्याला बसता येत नव्हतं! भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. परिचारिका म्हणायच्या, दोन पावलं टाका, तर म्हणायचा, "कशाला?"

शेवटी जूननं सांगितलं. "ऐकलंस का, तो मॉरिस बार्नेट्बीला रोज येतो म्हणे."

"येऊ दे. बघितलं असेल एव्हाना."

"कुठलं बघतोय! लाल गाडी आली की पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, डोळे मिटून. नंबर चुकून दिसू नये म्हणून. उतारू विचारतात, म्हाताऱ्याला बरं वाटत नाही का? परवा कुणीतरी त्याला पाण्याचा पेला आणून दिला."

सिरिलनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. मग म्हणाला, "प्रत्येक खोपटाला?"

"प्रत्येक. नव्वद टक्के मालगाड्या आता तीच ओढतात म्हणे. मान धरलीय बिचाऱ्याची."

"माझे बूट कुठं आहेत?" सिरिल म्हणाला.

एप्रिल लागला तेव्हा आम्ही त्याला बार्नेट्बीला घेऊन गेलो. हातात काठी, अंग निम्मं झालेलं. ते इंजिन आज लोखंडाची माती घेऊन स्कंथॉर्पकडं जायचंय, अशी पक्की खबर होती. मॉरिस फलाटाच्या टोकाला घडीची खुर्ची मांडून उभा.

"बस."

"बसायला काय झालंय मला?" सिरिल त्याच्या शेजारी उभा राहिला. सिग्नल पडला. मग सिरिलच म्हणाला, "तुझं ते लॉरीवरचं. मी मंगळवारी सांगतो सगळ्यांना. धर ते तू."

"तुझ्या परवानगीची वाट बघत बसलो होतो की काय?" मॉरिस म्हणाला. "त्याच दिवशी धरलं. टपरीवरच रेघ मारली. आजही आहे."

सिरिल वळला. "म्हणजे नियम तू मानतच नव्हतास?"

"छ्या! मूर्खपणा आहे तो नियम. पहिल्यापासून."

"मग त्या दिवशी माझं का नाही धरू दिलंस?"

मॉरिसनं सिरिलचा दंड धरला, घट्ट, पुढच्या वळणावरनं लाल तोंड बाहेर येत होतं तिकडं त्याला वळवलं, आणि म्हणाला, "बडबड करू नकोस. चाकांकडं बघ."