उंदरांच्या अंधाराची वेळ

दत्ता गेल्याचं मला मानवतच्या स्टँडवर कळलं. महिना होत आला, पण राग काही उतरत नाही... शोकसभेत त्याचे साहेब गहिवरून म्हणाले, "थोर संशोधक गमावला." मी उठून बाहेर आलो. थांबलो असतो तर तोंडाला येईल ते बोललो असतो.

दत्ता आमच्या झरीचा, माझा वर्गमित्र. परभणीच्या एका कॉलेजात पांढऱ्या उंदरांवर काम करायचा. दिवसरात्रीचं घड्याळ उंदराच्या अंगातच असतं. काहींचं ते जन्मतःच बिघडलेलं, आईबापाकडून आलेलं. असे उंदीर भलत्याच वेळी चाकावर पळत. त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा इतरांपेक्षा लवकर म्हातारा होतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याच्या आईची नजर म्हातारपणी गेली, तेव्हापासूनचा हा हट्ट. उंदीर सावकाश म्हातारे व्हायला हवेत अन् उजेड-अंधार रोज ठरल्या वेळी. नामांतरावरून बंद असो, एसटी उभ्या असोत, हा गडी पायी जाऊन दिवा मालवून यायचा. मी चिडवायचो, "पोरांपेक्षा उंदरांचं लय करायलास!" तो हसायचा. "पोरं मागून घेतेत. हे बोलत न्हाईत बाबा."

मग कॉलेजात बडे पाहुणे यायचे ठरले. दत्ता तेव्हा दिव्याच्या वेळा शिपायाला नेमून देऊन आईच्या वर्षश्राद्धाला गावी आलेला. तिन्हीसांजेला खोली अंधारी ठेवणं अशुभ, म्हणून साहेबांनी कुलूप काढून ट्यूबा लावायला लावल्या. पाहुण्यांचं येणं लांबलं, ट्यूबा रात्रंदिवस जळतच राहिल्या. दत्ता परतला तोवर उजेडानंच उंदरांचे डोळे खाल्ले होते. आता वयानं काय केलं अन् ट्यूबांनी काय, कोण सांगणार? साहेब म्हणतात, "उंदीरच ते, दुसरे आणू." अहो, म्हातारपण काय बाजारात मिळतं? पिलांपासून पुन्हा सुरू करतो म्हणाला, तर खोलीच काढून घेतली! त्यानंतर दत्ता नुसता नोकरी करत राहिला. आणि म्हणे, थोर संशोधक!

अंधाऱ्या खोलीत शिरताना विचारूनच बटण दाबायचं, ही त्याच्या घरची शिस्त. परवा संध्याकाळी गेलो होतो. सुशीलावहिनी त्याच्या खोलीच्या दारात थांबल्या अन् म्हणाल्या, "लावू का, अहो?" आत नुसती उघडी खाट. मग ओशाळून माझ्याकडं वळल्या, "भावजी, तोंडात बसलंय."

"विचारत जा, वहिनी," मी म्हणालो. "तिथं एकानंही विचारलं न्हाई."

त्यांनी बटणावरचा हात खाली घेतला. मग आम्ही दोघं तिथंच दारात, अंधारात बसलो.