चिनी 'माइ', तैवानी 'बे' आणि वऱ्हाडी कान

साउंडवाल्याकडे किस्से फार नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. लग्न असो, सभा असो की भजन, आपण मंडपाच्या मागं, बॉक्सच्या भिंतीआड. पुढं काय घडलं ते दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळतं. वीस वर्षं हा धंदा केला आणि सांगण्यासारख्या गोष्टी मोजून तीन. मग मागच्या हिवाळ्यात चार महिने मी एका भाषेच्या प्रोजेक्टवर गेलो, आणि किस्से इतके साचले की बायको म्हणते, "जेवतानी तरी तोंडाले दुसरं काम देत जा!"

प्रोजेक्ट काय होता ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची मजा जाईल.

वानखडे मॅडम अमरावतीत कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतात. त्यांची मैत्रीण शू-फेन, तैवानची. दोघी शिकायला एकाच हॉस्टेलात होत्या, त्यामुळे शू-फेनला हिंदी चांगली येते. मराठी तिनं इथं येऊन जिद्दीनं उचलली. तैवानात बहुतेकांना दोन भाषा येतात. एक घरची तैवानी आणि दुसरी शाळेतली मँडरिन, म्हणजे आपण जिला सरसकट चिनी म्हणतो ती. दोन्हींत शब्द तोच ठेवून सूर बदलला की अर्थ बदलतो, पण सुरांचे कायदे मात्र वेगळे. शू-फेनचा प्रश्न असा होता, की दोन्ही भाषा बोलणारा माणूस हे सूर वेगळे ठेवू शकतो, की एका भाषेचा रंग दुसरीला लागतोच?

तिनं चोवीस जणांचे आवाज आणले होते. ते ऐकून सूर चढला, पडला की सपाट राहिला, एवढंच सांगणारी माणसं तिला हवी होती. अट एकच. त्यांना दोन्ही भाषांतलं ओ की ठो कळता कामा नये.

"अशी माणसं मिळतील?" तिनं काळजीनं विचारलं.

"मॅडम," मी म्हणालो, "अमरावती-अकोल्यात तसेच आहेत सगळे!"

*

ऐकायला शांत खोली हवी होती. अमरावतीत शांत खोली म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. मी आमच्या मंडपवाल्या शेषरावांकडून लग्नातल्या कापसाच्या गाद्या आणल्या आणि कॉलेजच्या एका स्टोअररूमच्या भिंती, दार, छत, सगळं गाद्यांनी मढवून टाकलं.

शू-फेननं आत जाऊन एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच मेली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गजूभाऊ, आमच्या युनिव्हर्सिटीत अशी खोली करायला कमिटी बसली होती."

पहिला श्रोता कॉलेजचाच एक क्लार्क. त्याला हेडफोन लावला, कागद दिला आणि आम्ही बाहेर थांबलो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, गडी बाहेर येईना. दार उघडून पाहिलं तर टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेला!

शू-फेननं शांतपणे त्याचा फॉर्म घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'खोली उत्तम.'

*

संत्र्याच्या मार्केटात आम्ही श्रोते शोधायला गेलो होतो. तिथं बाबाराव नावाचे एक जुने व्यापारी आहेत. त्यांनी शू-फेनलाच उलटं घेरलं. "सुरानं अर्थ बदलते म्हन्ता, तर एखादा आमच्या कामाचा शब्द सांगा ना बाई."

शू-फेन संत्र्याच्या ढिगाशेजारी उभी राहून शिकवायला लागली. मँडरिनमध्ये शब्द आहे 'माइ'. आवाज खाली दाबून म्हटला की 'विकत घेणं', आणि वरून धाडकन पाडला की 'विकणं'.

आजूबाजूला दहा-बारा जण जमले. सगळे 'माइ, माइ' करायला लागले.

"आता तैवानी," ती म्हणाली. "शब्द आहे 'बे'. हा वरून पाडला की 'घेणं', आणि सपाट ठेवला की 'विकणं'."

बाबाराव थांबले. त्यांनी दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "म्हंजे पडता सूर एका भाषेत विकाचा, अन् दुसऱ्या भाषेत घ्याचा?"

"हो."

"अन् तुमच्याकडं एकाच मानसाले दोन्ही भाषा येते?"

"बहुतेकांना."

"मंग बजारात तो करते काय?"

शू-फेननं जरा विचार केला. "आधी समोरच्याचं तोंड पाहायचं. कोणत्या घरातून आलाय ते ओळखायचं. मग आवाज काढायचा."

बाबारावांनी हात जोडले. "बाई, आमी बी चाळीस वर्षांपासून तेच करून राहिलो!"

*

मोझरीजवळच्या एका गावात नामदेवबुवा म्हणून भजनात पेटी वाजवणारे आहेत. मी त्यांचा माइक गेली कित्येक वर्षं लावतो. त्यांना मुद्दाम बोलावलं. ते पेटी घेऊनच आले.

तैवानीत सात सूर धरतात म्हटल्यावर ते खूश. "सात? मंग अडचनच नाई!" पण पहिले पाच शब्द ऐकले आणि पेटी बाजूला ढकलली. "हे पेटीत नाई बसत. पेटी पायरीनं चढते. हे बाया घसरगुंडीवरून जाऊन राहिल्या."

शू-फेननं मॅडमकडे पाहिलं. हीच गोष्ट सांगायला त्यांच्या इंग्रजी पुस्तकात दोन पानं आहेत म्हणे.

मग तिनं त्यांना थोडं अवघड काम दिलं. एक शब्द एकटा ऐकवायचा, मग तोच शब्द वाक्यात. बुवा डोळे मिटून ऐकत होते. वीसेक वाक्यं झाली. अर्थ एकाचाही माहीत नाही. एकदम डोळे उघडून म्हणाले, "बाई, तुमचा शब्द ओळीच्या शेवटी आला की आपल्या घरच्या सुरात राह्यते. मधात आला की सूर बदलून घेते. असंच ना?"

शू-फेन खुर्चीतून उठली. तैवानीचा हा सगळ्यात मोठा कायदा! तो वर्गात शिकवायला तिला अख्खी टर्म लागते, आणि तरी मुलं चुकतात.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिनं विचारलं.

बुवा संकोचले. "कोनी नाई बाप्पा. तुमच्याच लोकायनं सांगतलं. आत्ता, कानात."

त्या दिवशी त्यांना गावच्या गाडीत बसवायला ती स्वतः स्टँडपर्यंत गेली. पेटीही तिनंच उचलली होती. बुवा अर्ध्या रस्त्यात तीनदा म्हणाले, "द्या इकडं," आणि तिनं तीनदा मान हलवली.

*

दर्यापूरचा किस्सा वेगळा आहे.

शू-फेनला आमचा 'काहून' हा शब्द फार आवडला होता. का, कशासाठी, कशामुळं, सगळं एका शब्दात. ती दिवसभर म्हणायची. पण तिच्या कानाला सूर म्हणजे शब्दाचा भाग. मी तिच्यासमोर पहिल्यांदा 'काहून' म्हटलं होतं तेव्हा शेषरावांवर चिडलेला होतो. तिनं तोच सूर उचलला!

दर्यापूरहून परत यायला आम्ही जीपमध्ये बसलो. अकरा माणसं भरलेली, ड्रायव्हर आणखी चारांची वाट बघत पानठेल्यावर उभा. तासभर झाला. लोक घाम पुसत बसलेले. शू-फेनला खरंच जाणून घ्यायचं होतं, की गाडी का थांबली आहे. तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि अगदी निर्मळ मनानं, वरून खाली पाडलेल्या सुरात विचारलं, "काहून?"

ड्रायव्हरनं पान थुंकलं. पळत आला. स्टार्टर मारला. अमरावती येईपर्यंत त्यानं एकदाही हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

उतरताना एक आजोबा मला हळूच म्हणाले, "पाव्हनी मोठी साहेब दिसते. रोज येत जाजा म्हना!"

*

अकोल्यात एक रिटायर्ड हेडमास्तर श्रोते म्हणून आले. त्यांना सांगितलं होतं, फक्त बाणाची खूण करा, वर, खाली किंवा आडवी. त्यांनी कागद परत दिला तर प्रत्येक आवाजापुढं लाल पेननं शेरा!

'आवाज खणखणीत.' 'घाई करतो.' 'नाकात बोलते, सर्दी असावी.' मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. सगळा कागद बाद.

शू-फेन मात्र तो कागद वाचून घेत होती, एकेक शेरा मला विचारत. नऊ नंबरच्या पुढं मास्तरांनी लिहिलं होतं, 'दुसरा धडा पाठ केलेला आहे, समजलेला नाही.' दुसरा धडा म्हणजे तैवानीचं रेकॉर्डिंग.

तिनं लॅपटॉप उघडून नऊ नंबरची माहिती काढली. मुलगा शहरात वाढलेला, घरी फक्त मँडरिन. तैवानी तो मोठेपणी, नोकरीसाठी क्लास लावून शिकला होता.

तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मॅडमला म्हणाली, "बाद नको. फक्त मोजू नको."

*

आता जमीलाआपांचं सांगतो.

अकोल्यात त्यांची फळांची गाडी आहे. साठीच्या पुढच्या. घरी उर्दू, गाडीवर वऱ्हाडी. एका हातानं सीताफळं तोलत एका गिऱ्हाइकाशी वऱ्हाडीत भांडतील आणि त्याच श्वासात नातवाला उर्दूत लाडानं हाक मारतील. बाई तीच, पण पाठ करून उभं राहिलात तर वाटेल, गाडीवर दोघी आहेत. शू-फेननं त्यांना पाहिलं आणि म्हणाली, मला या पाहिजेत. 'शू-फेन' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं नाव 'शोभन' करून टाकलं.

तो आमचा शेवटचा आठवडा होता आणि शू-फेन कष्टी होती. कारण सतरा नंबर.

चोवीस आवाजांमधला सतरावा आवाज तिचा स्वतःचा होता. हे आम्हा तिघांनाच माहीत; श्रोत्यांना सांगायचं नाही, असा नियम. तिची मँडरिन तिच्या वयाच्या इतरांसारखीच होती. पण तिच्या तैवानीचा ग्राफ कोणाशीच जुळेना. तिच्या वयाच्या सगळ्यांच्या तैवानीला मँडरिनचा थोडा थोडा रंग लागलेला, आणि हिची रेघ भलतीकडेच. "मी अभ्यासक आहे ना," ती म्हणाली, "बोलताना मी मुद्दाम शुद्ध बोलले असणार. खोटं आहे ते. सतरा नंबर काढून टाकू." मॅडमनाही पटलं होतं. सोमवारी काढायचं ठरलं.

शनिवारी सकाळी जमीलाआपा आल्या. अकोल्यात गाद्यांची खोली नव्हती, म्हणून एका ओळखीच्या घरात खिडक्या लावून बसलो. त्यांना काम सोपं दिलं होतं. दोन-दोन तुकडे ऐकायचे, एक मँडरिनचा, एक तैवानीचा, आणि सांगायचं, माणूस एकच आहे की दोन.

आपा भरभर सांगत गेल्या. "एकच. एकच. हा बी एकच, गळा बसेल आहे त्याचा." सोळापर्यंत एकही चूक नाही. मी मनात टाळ्या वाजवत होतो.

सतरा नंबर लावला. पहिला तुकडा, मँडरिन. आपा हसल्या. "हे तं आपली शोभन!"

शू-फेन लाजून खाली पाहायला लागली. मी दुसरा तुकडा लावला, तैवानी.

आपांचं हसू थांबलं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "परत लावा."

मी परत लावला.

"हे शोभन नोय," त्या म्हणाल्या. "हे दुसरी आहे. बुढी आहे."

मॅडम म्हणाल्या, "आपा, नीट ऐका. आवाज तर तरुण आहे."

"आवाजाचं कोन इचारून राह्यलं? बोलनं पाहा ना. हे आताचं बोलनं नोय. एकेका शब्दावर टेकून, सावकाश. अंगनात बसून, काम करता करता बोलते ना बुढी, कोनी आयको की नको आयको, तसं बोलनं आहे."

शू-फेननं मान वर केली. तिचा चेहरा मी चार महिन्यांत तसा पाहिला नव्हता. तिनं हिंदीत, एकदम हळू विचारलं, "आपा, पक्का?"

"पक्का. दोन बाया आहेत."

शू-फेननं पर्समधून फोन काढला. मॅडम म्हणाल्या, "शू-फेन, टेस्ट चालू आहे." तिनं ऐकलं नाही. नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर, आपांच्या समोर ठेवला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग तिकडून कोणीतरी उचलला. मागं कोंबडीचा आवाज आणि पाण्याचा नळ.

"आ-मा," शू-फेन म्हणाली. एवढंच. आ-मा म्हणजे आजी, जिच्याजवळ ती वाढली.

"आ-हुन?" तिकडची बाई तिचं घरचं नाव घेत म्हणाली, आणि मग उत्तराची वाट न बघता सुरूच झाली. सावकाश, एकेका शब्दावर टेकत. मधे नळ बंद केला, मधे कोंबडीला हाकललं, पण बोलणं थांबलं नाही.

जमीलाआपा फोनवर वाकून ऐकत होत्या. दोन मिनिटं झाली असतील. मग त्यांनी टेबलावर हात आपटला आणि विजयी मुद्रेनं मॅडमकडे वळल्या.

"हेच! हेच बुढी! मंघापासून काय सांगून राह्यली मी? आता तुमच्या त्या कागदावर सत्राच्या पुढं अजून एक नंबर टाका!"