हार घातलेला प्रभुलिंग

नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात प्रभुलिंग गादीवर उभा राहून साडी स्वतःच्या अंगावर टाकतो, तेव्हा गिऱ्हाईक साडी विसरून त्यालाच बघत बसतं. डोक्याला टक्कल, ओठावर झुपकेदार मिशी, पोट कमरेच्या बरंच पुढं आलेलं, आणि त्या पोटावर मोरपंखी निऱ्या. पदर खांद्यावर घेऊन तो असा काही वळतो की समोर बसलेल्या नवरीला शंका येते, आपल्याला हे इतकं शोभेल का? मालक शिवानंदशेट अभिमानानं सांगतात, "आमच्या दुकानात पुतळे न्हाईत. प्रभू असताना पुतळा कशाला?"

प्रभुलिंग नट आहे. साड्या तो पोटासाठी विकतो, असं त्याचं म्हणणं. आणि नाटकात तो पोट सांभाळून काम करतो, असं आमच्या गल्लीचं म्हणणं. पण एक गोष्ट त्याचा दुश्मनसुद्धा मान्य करील. आवाज! देवानं हा माणूस बनवताना सगळा माल आवाजात घातला आणि बाकीचं उरल्यासुरल्यात भागवलं. प्रभुलिंग दुकानातून नुसतं "या मावशी, इरकल बघा" म्हणाला, तरी समोरच्या सराफाकडं निघालेली मावशी आपोआप इकडं वळते.

चेहऱ्यावर मात्र काही म्हणजे काही उमटत नाही. आनंद, राग, पुत्रशोक, दातदुखी, सगळ्याला एकच चेहरा. त्यामुळं जन्मभर त्याला कामं मिळाली ती पडद्यामागची. आकाशवाणी झाली की प्रभुलिंग. देव बोलला की प्रभुलिंग. फोनच्या पलीकडचा सासरा, विहिरीतून येणारं भूत, सगळं प्रभुलिंग. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, पण पडदा पडल्यावर तो समोर येऊन उभा राहिला की एकमेकांना विचारायचे, "हे कोण बे? लायटीवाला का?"

त्याला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आवाज आणि चेहरा एकाच वेळी लोकांनी बघावा आणि म्हणावं, हा बघा, हा बोलतोय, हा प्रभुलिंग.

आणि तसा योग आला. मालिका बनवणाऱ्या कंपनीतली अपेक्षा नावाची एक मुलगी बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात आली. प्रभुलिंगनं साडीवर भाषण केलं. ती साडी तशीच टाकून म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या मालिकेत काम कराल का?" प्रभुलिंगच्या अंगावर तेव्हा जरीकाठी शालू होता. तो त्याच वेशात "करतो" म्हणाला.

मालिकेचं नाव 'भिंतीवरचे मामंजी'. गोष्ट अशी, की नवी सून लग्न होऊन घरात येते आणि भिंतीवरचा मेलेल्या सासऱ्याचा फोटो तिच्याशी बोलायला लागतो. फक्त तिच्याशीच. आमटीत मीठ कमी पडलं की फोटो सांगणार, सासू खोटं बोलली की फोटो हसणार, आणि एरवी शेजारच्या पालीबरोबर भांडणार. त्यासाठी मुंबईत सेटवरच्या भिंतीला भोक पाडलं होतं, भोकाला चौकट, चौकटीत प्रभुलिंगचं डोकं आणि गळ्यात चंदनी हार. दिवसभर भिंतीपाठीमागं स्टुलावर बसून तो चौकटीतून बोलत राहायचा. मान अवघडली, पण मन तरंगत होतं. चेहरा हलायला नकोच होता, फोटोच तो! ज्या चेहऱ्यानं जन्मभर दगा दिला, तो पहिल्यांदा कामाला आला होता.

घरी त्यानं सांगितलं, "सासऱ्याचं काम हाय." हाराचं तेवढं सांगितलं नाही. त्याची आई चन्नम्मा, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणते, ती जिवंत माणसाच्या फोटोसमोर उदबत्तीसुद्धा लावू देत नाही. हार म्हणजे तर संपलंच.

पहिला भाग दाखवायच्या दिवशी अख्खी गल्ली त्याच्या घरात कोंबली गेली होती. प्रभुलिंग टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता, म्हणजे लोकांना पडद्यावरचा आणि खुर्चीतला ताडून बघता यावा. कंपनीनं सगळ्या नटांना सांगितलं होतं, घरच्यांची पहिली प्रतिक्रिया फोनवर टिपून पाठवा, काटछाट न करता. ते काम त्याच्या बायकोकडं, महानंदाकडं होतं. ती फोन दोन्ही हातांत धरून, आरतीचं ताट धरावं तशी, उभी होती.

सून उंबरा ओलांडून आत आली. कॅमेरा वर गेला. भिंतीवर प्रभुलिंग. गळ्यात हार.

"अय्यो शिवने!" अव्वा ओरडली. "माझ्या पोराला हार कुणी घातला?"

तेवढ्यात फोटो बोलला, "सूनबाई, जपून गं! त्या उंबऱ्यावर तुझी सासू दोनदा पडलीया. दोन्ही वेळा माझ्या अंगावर."

कुणी हसलं नाही. सगळे अव्वाकडं बघत होते. अव्वा उठली, आत गेली आणि मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन आली. क्षणभर ती घोटाळली. एक मुलगा खुर्चीत, एक भिंतीवर. धोका कुणाला? तिनं विचार करून टीव्हीवरून मूठ ओवाळली आणि सगळं नेऊन तापल्या तव्यावर टाकलं.

त्या दोन खोल्यांत जो धूर झाला! माणसं खोकत होती, नाकं शिंकरत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्रभुलिंग आपल्याच आवाजात इतका बुडालेला, की त्याला काही पत्ता नाही. त्यानं मागं वळून बघितलं, तर अख्खी गल्ली पदरात तोंड घालून रडत होती.

"पहिल्याच भागाला?" तो भारावून म्हणाला आणि मग त्यालाही ठसका लागला.

अव्वा मात्र निकाल देऊन मोकळी झाली. "ठसका लागला, म्हंजे दृष्ट बिष्ट काय न्हाय. म्हंजे चूक त्या शिरेलीचीच हाय."

भाग संपला. महानंदानं फोन एकेकाच्या तोंडासमोर धरला. शेजारची अंबुबाई म्हणाली, "चांगलं हाय की. वेगळं हाय." तिच्यामागची म्हणाली, "बघू पुढं कसं काय करतेत." तिसरी म्हणाली, "आमच्या ह्यास्नी बी दाखवते की, मग सांगते."

प्रभुलिंगचा चेहरा काही बदलला नाही, तो बदलतच नाही. पण आयुष्य साडीच्या गादीवर गेलेल्या माणसाला ही वाक्यं नवी नव्हती. 'वेगळी आहे' म्हटलेली साडी आजवर कुणी नेलेली नाही. 'घरी विचारून येते' म्हणालेली बाई पायरी उतरली की परत दिसत नाही. गल्लीनं त्याची मालिका उलगडून, पदर बघून, घडी न घालता गादीवर टाकली होती.

सरळ बोलली ती अव्वा. फोनकडं बोट करून ती म्हणाली, "हे बगा साहेब लोक. मेलेल्या माणसानं बोलू नये. बोलायचं असंल तर हार काढा. हार घालायचा असंल तर गप बसा. दोन्ही मिळून आमच्यात चालत न्हाय!"

"हे नको पाठवायला," महानंदा हळूच म्हणाली.

"पाठव," प्रभुलिंग म्हणाला. "जसं हाय तसं पाठव. नटानं प्रेक्षकाला भ्यायचं नसतं."

आम्ही सगळ्यांनी त्याच्या बाणेदारपणाला मान दिला आणि चहा घेतला.

पुढचे काही दिवस गमतीत गेले. अक्कलकोटकडच्या गावात त्याचा भिमामामा राहतो. त्याला कुणीतरी फोनवर नुसतं चित्र दाखवलं, आवाज न लावता. प्रभूच्या फोटोला हार! मामा जीप भरून माणसं घेऊन आला. दार प्रभुलिंगनंच उघडलं. मामाच्या डोळ्यांत पाणी, त्यानं प्रभुलिंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यालाच विचारलं, "कसा गेला रे आमचा प्रभू?"

"मामा, मीच की!"

मामानं त्याला खालीवर बघितलं. जीपमधल्या बायका रडायची तयारी करून आल्या होत्या, त्यांची पंचाईत झाली. शेवटी मामा म्हणाला, "बरं झालं, आयुष्य वाढलं तुझं. आता आलोच हाय तर जेवून जातो." कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर सगळ्यांचं दुःख निवळलं. जेवताना एक भाग बघून जाताना मामानं पण सांगितलं, "शिरेल वेगळी हाय बरं का, प्रभू."

पण तिकडं अव्वाचं चार वाक्यांचं भाषण कंपनीनं इंटरनेटवर लोकांसमोर टाकलं होतं आणि ते मालिकेपेक्षा जास्त चाललं. गावोगावच्या बायकांनी लिहिलं, आजी बरोबर बोलतात. आमच्यातही चालत नाही. फोटो बोलला की अंगावर काटा येतो.

अपेक्षाचा फोन आला तेव्हा प्रभुलिंग गिऱ्हाइकासमोर होता. अंगावर नारायणपेठी, कानाला फोन.

"काका, आजींचं सगळ्यांना पटलंय. आता दोनच मार्ग होते. हार काढायचा, नाहीतर आवाज. हार काढला तर तुम्ही जिवंत ठरता. मग सासूला कुंकू लावायला लागेल, मंगळसूत्र घालायला लागेल, इस्टेटीचं भांडणच राहत नाही. सगळी गोष्टच पडते. म्हणून मग..."

"म्हणून मग आवाज," प्रभुलिंग म्हणाला.

"पण तुम्ही आहातच! रोज दिसणार!"

समोरची बाई म्हणाली, "दादा, पदर जरा वर धरा की." त्यानं वर धरला.

आणि मग ती मालिका अशी काही चालली! फोटो गप्प झाल्याबरोबर सगळं मार्गाला लागलं. एक कपटी जाऊ आली. दुधात काहीतरी कालवलं गेलं. सुनेवर चोरीचा आळ आला. साडेसात वाजले की गल्लीत पाखरू फिरकेना. रोज एकदा तरी सून मामंजींच्या फोटोपाशी जाऊन रडायची, कॅमेरा प्रभुलिंगच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबायचा, पाठीमागं सनई वाजायची. त्यासाठी प्रभुलिंगला मुंबईला जावंही लागत नव्हतं. भिंतीचं भोक बुजवून तिथं खराखुरा फोटो टांगला होता.

अंबुबाई डोळे पुसत त्याला म्हणायची, "आता कसं खरं वाटतंय बघ. लई छान काम केलंस की बे, प्रभू!" आणि हे ती मनापासून म्हणायची, गिऱ्हाइकासारखं नव्हे. त्याच्या आयुष्यातली पहिली खरीखुरी दाद होती ती.

रस्त्यात आता लोक त्याला ओळखू लागले होते. सात रस्त्याला रिक्षावाले थांबून बघायचे. "मामंजी ना तुमी?" तो "व्हय" म्हणून तोंड उघडायचा, की लोक दचकून दोन पावलं मागं सरायचे. एक बाई तर म्हणाली, "नका बोलू हो. तसेच बरे दिसताय." हळूहळू दुकानातसुद्धा तो कमी बोलू लागला. गिऱ्हाइकांना मामंजींच्या अंगावर साडी बघायला फार आवडायचं, पण गप्प.

सगळ्यात वाईट अवस्था अव्वाची झाली. पहिले काही दिवस ती जिंकल्यासारखी बसायची. मग एका संध्याकाळी सनई वाजली, कॅमेरा फोटोवर थांबला आणि म्हातारी घाबरली. "ह्येनी तर माझं पोर खरंच मारलं की," ती म्हणाली. "बोलत हुतं तवा निदान..." दुसऱ्या दिवशी तिनं महानंदाला फोन धरायला लावला आणि सगळ्यांच्या देखत हात जोडून सांगितलं, "साहेब लोक, मी म्हातारी चुकले. हार ऱ्हाऊ द्या. पण त्येला बोलू द्या."

महानंदानं तेही पाठवलं. अपेक्षाचं उत्तर आलं, 'आजी किती गोड आहेत!' लोकांनी ते फारसं बघितलं नाही. त्याच दिवशी जावेनं सुनेला जिन्यावरून ढकललं होतं.

तरी प्रभुलिंगची आशा सुटेना. गोष्ट अडली की त्यांना फोटो बोलवावाच लागेल, असा त्याचा हिशोब होता. जुने संवाद तो अंघोळ करताना म्हणायचा. तेवढाच आवाज गल्लीला ऐकू यायचा. आणि खरोखर एक दिवस फोन आला. 'एका दिवसाचं शूटिंग आहे, या.'

काय उत्साह त्या माणसाचा! मिशी रंगवली. आल्याचा काढा घेतला. शिवानंदशेटनी सुट्टी देऊन वर खडीसाखर दिली. गाडी कुर्डुवाडीला पोचेपर्यंत त्यानं डब्याला उंबऱ्याचा संवाद इतक्या वेळा ऐकवला, की म्हणे समोरच्या बाकावरचा माणूसही म्हणायला लागला, दोन्ही वेळा माझ्या अंगावर.

पुढची हकिगत त्यानं नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितली. मालिकेतलं कुटुंब श्रीमंत झालं होतं. नवा बंगला, नवी भिंत, आणि त्या भिंतीला जुना फोटो लहान पडत होता. एवढंच. त्याला स्टुलावर बसवलं. हार घातला. फोटोवाला म्हणाला, "काका, ओठ मिटा. अजून. आणि डोळ्यांत जीव जरा जास्त दिसतोय, तेवढा कमी करा."

प्रभुलिंगनं कमी केला. पहिल्याच फटक्यात फोटो उत्तम आला. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या म्हणे.

तो परत आला, तेव्हा आम्ही सगळे त्याच्या दारात बसलो होतो. अव्वा काठी टेकत पुढं झाली. "काय बोललास रं? सांग की, काय बोललास?"

प्रभुलिंगनं पिशवी खाली ठेवली आणि कापड मापावं तसे दोन्ही हात लांब करून नव्या चौकटीची रुंदी दाखवली.