उलटी फिरलेली कचरागाडी

कोणाच्या घरात काय चाललंय हे शेजारणीच्याही आधी मावशीला कळायचं. पंचवीस वर्षं ती कचऱ्याच्या गाडीवर मागे उभी राहून बादल्या रिकाम्या करत आली होती. सून रुसली की ताटातलं तसंच बादलीत यायचं, पगार वाढला की खोकी यायची आणि पाहुणे जाऊन आले की कागदी पेले. "माणूस गप्पा मारतो, बादली खरं बोलते," असं ती म्हणायची.

गाडीची वाट ठरलेली. मोठ्या फाटकाच्या इमारतीपासून सुरुवात, मग बाजाराचा रस्ता आणि शेवटी मावशीची स्वतःची गल्ली. पूर्वी गल्लीत पोचल्यावरही गाडीत दोघं पाय पसरून निजतील एवढी जागा असायची. आता बाजारातच गाडी तोंडापर्यंत भरायची आणि गल्लीतल्या बादल्या तशाच राहायच्या. शेजारीण रोज डिवचायची, "गावभर उजेड आणि दिव्याखाली अंधार, काय गं?"

त्यात गाड्यांवरच्या मुकादमाने फर्मान काढलं. "मावशी, दुसरी फेरी मिळायची नाही. शनिवारी मी स्वतः येतो. सगळ्या बादल्या एका फेरीत उचलल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर तुमची गल्ली यादीतून काढतो आणि तुमच्या कोपऱ्यावर मोठा डबा ठेवतो."

कोपऱ्यावर, म्हणजे थेट मावशीच्या खिडकीखाली.

मोठ्या फाटकाच्या इमारतीत राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या कानावर हे गेलं. "अहो, तुमच्या गल्लीत माणसंच फार," ते म्हणाले. "लोकसंख्येला आवर नाही, मग कचऱ्याला कुठून असणार?"

मावशीने हातातली बादली खाली ठेवली. "मास्तर, इथे तुमचा बंगला होता तेव्हा तुम्ही घरचे अकरा जण. दोन बादल्या निघायच्या. मग इमारत बांधलीत, पाचही भाऊ वेगवेगळ्या मजल्यांवर गेलात. आता माणसं किती?"

"दहा."

"एक माणूस कमी झालं. पण फ्रिज पाच, धुण्याची मशीनं पाच, आणि आज बादल्या अकरा. आता सांगा, वाढलं कोण?"

मास्तर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, आजपासून गाडी उलटी फिरवायची."

"रिव्हर्समध्ये?"

"डोकं चालवा जरा! सुरुवात माझ्या गल्लीपासून. मुकादमाने सगळ्या बादल्या म्हटलंय, पहिली कोणती ते कुठे म्हटलंय?"

गल्ली चकाचक झाली. तीन दिवस मोठ्या फाटकाशी न उचललेल्या बादल्या ओळीने उभ्या राहिल्या, एखाद्या लग्नातल्या वऱ्हाडासारख्या. मास्तरांनी तक्रार केली, आणि शनिवारी मुकादमाबरोबर तेही मावशीच्या गल्लीत हजर झाले.

गाडी मावशीच्या दाराशी थांबली. दारात गाडीत न मावणारं खोकं, थर्माकोलचे ढिगारे आणि लाकडी चौकट. त्या पसाऱ्यापाशी तिचा मुलगा ओशाळून उभा.

"आई, तुला सांगायचं राहिलं. काल तू बाहेर होतीस ना, तेव्हा नवा फ्रिज आला, आमच्या खोलीत ठेवलाय. खोकं आत्ता बाहेर काढलं."

"आणि जुना?"

"तो चालूच आहे," सून आतून म्हणाली. "पण त्यात तुमच्या डब्यांशिवाय काही मावत नाही. मी म्हटलं, घर वेगळं करण्यापेक्षा फ्रिज वेगळा केलेला बरा."

मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "मावशी, घरात माणसं किती?"

"तीन."

"आणि फ्रिज?"

मावशी आभाळाकडे बघू लागली. मास्तर खो खो हसले.

"हे गाडीत जायचं नाही!" मावशी मुलावर कडाडली. "दुकानदाराने आणलं ना, त्याच्याच दारात नेऊन टाक."

"आई, डोक्यावर घेऊन बाजारातून? लोक हसतील."

"हसू देत. हसण्याचा कचरा होत नाही."

मुलगा थर्माकोलचा मनोरा डोक्यावर घेऊन गाडीच्या मागे निघाला. लोक खरंच हसले. ते हसायला दारात आले की मावशी तिथेच त्यांना गाठायची, "तुमचंही खोकं आहे ना? चला, चपटं करून द्या!" हसणारे खाली मान घालून खोकी तुडवू लागले.

मोठ्या फाटकाशी पोचताना गाडीत जागा उरली होती, पण सहा बादल्यांपुरतीच. मुकादमाने वही उघडली. मावशीला आपली खिडकी डोळ्यांपुढे दिसत होती.

"कचरा जिथे उरला, डबा तिथेच ठेवावा हे बरं," मुकादम म्हणाला. "फाटकासमोर जागाही आहे ऐसपैस."

मास्तरांचं हसू मावळलं. ते जिन्यात जाऊन ओरडले, "सगळ्याजणी खाली या! आपापली बादली ओळखा!"

पाची जावा कित्येक महिन्यांनी एका जागी जमल्या. ही पिशवी माझी नाही, ही अर्धी पोळी तुमचीच, असं बराच वेळ चाललं. फुगीर पाकिटांतली हवा काढली, बाटल्या चेपल्या, धड डबे लाजत लाजत परत वर गेले. अकरा बादल्यांचा ऐवज सहांत बसला. शेवटची बादली मावशीने गुडघ्याने दाबून आत ढकलली आणि गाडीचं झाकण खट्‌कन लागलं.

मुकादमाने वहीत लिहिलं. गल्ली यादीत राहिली, आणि तीही पहिल्या क्रमांकावर.

घरी दोन फ्रिजांचं काय करायचं, हे मात्र मावशीने सुनेवर सोपवलं. जुन्या फ्रिजातले ते सगळे डबे मावशीचेच होते, त्यामुळे तिथे तिची बाजू जरा लंगडीच होती.