बाबासोंना दिसलेले आठल्ये सर

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या मागून पावलं वाजतात... वाचायचं आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवायचं. विश्वास कधी बसला नाही. माझा धंदाच मोजमापाचा. वितळलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती हे सांगणारी मशीन आमची कंपनी फाउंड्र्यांना विकते आणि मी ती बसवून देते. आकडा येतो किंवा येत नाही, मधलं काही नसतं. तरी हे लिहिते आहे, कारण ते डोक्यात तसंच पडून आहे आणि हलत नाही.

आधी आठल्ये सरांबद्दल सांगायला हवं. ते माझे सीनियर. मी कंपनीत लागले तेव्हापासून बाहेरगावच्या बहुतेक कामांना आम्ही दोघं जायचो. त्यांचा एक नियम होता — काम कितीही असो, त्यातून अर्धा दिवस काढायचा आणि ते गाव बघायचं. ‘नाहीतर आपल्यात आणि मशीनच्या खोक्यात फरक काय?’ असं म्हणायचे. गंमत म्हणजे ते स्वतः फारसं बघायचेच नाहीत. गुडघे कामातून गेलेले. पहिला कट्टा दिसला की बसायचे आणि मला पुढे पाठवायचे. ‘तू बघून ये आणि मला सांग.’ परत आल्यावर ‘छान होतं’ एवढ्यावर भागायचं नाही. खांब कसे होते, लोक काय करत होते, वास कसला येत होता, सगळं सांगावं लागायचं. ते डोळे मिटून ऐकायचे.

ते झोपेतच गेले. मी तेव्हा राजकोटला एका साइटवर होते. ऑफिसच्या ग्रुपवर बातमी आली, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्याच दुपारी त्याच ग्रुपवर प्रवासाची बिलं वेळेत भरण्याची सूचना आली. मी काम पुरं करून परत आले. रडले नाही. सहकारी गेला तर सुतक नसतं, रजा नसते, कुणी आपल्याला भेटायला येत नाही. त्यांच्या खुर्चीवर नवा माणूस बसायला लागला. मला दुःख होत होतं का, हेही नक्की सांगता येत नाही. दाढ काढायच्या आधी बधिर करतात ना, तिथे जीभ लावल्यावर जसं लागतं, तसं काहीतरी चाललं होतं. आणि ते महिनोन्‌महिने चाललं.

कोल्हापूरचं काम सर असतानाच ठरलेलं होतं. फाउंड्रीची लॅब तयार नव्हती म्हणून पुढे पुढे जात राहिलं. पन्हाळा, जोतिबा आणि खिद्रापूर करायचंच, असं सर म्हणून बसले होते. शेवटी लॅब झाली तेव्हा मी एकटी गेले.

हॉटेल शाहूपुरीत, फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत. मशीन चालू करून तसंच सोडावं लागतं, त्याचं तापमान स्थिर झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही. त्यामुळे दुपारनंतर मी मोकळी असायचे. फाउंड्रीवाल्यांनी गाडी दिली होती, ड्रायव्हर बाबासो म्हणून. कोडोलीचे, पन्नाशीचे, आवाज असा की शेजारच्या गाडीतल्याने वळून बघावं.

पहिल्या दिवशी मी हॉटेलच्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आले. बाबासोंनी मागचं दार उघडलं, मी बसले, तरी ते दार धरून उभेच.

“सायब पुढं बसणार का मागं?”

“कोण साहेब? मी एकटीच आहे.”

त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. “बरं,” म्हणाले आणि दार लावलं. हॉटेलात माणसं ये-जा करत असतात, मी काही मनावर घेतलं नाही.

दुपारी काम आटोपल्यावर तेच म्हणाले, “पन्हाळा बघून टाका की, रूमवर बसून काय करताय?” मलाही रूमवर बसायचं नव्हतं. गेलो. सज्जा कोठीपाशी मी उतरले, वर जाऊन आले. खाली सगळी दरी पसरलेली होती, वारा होता, कुणीतरी कणीस भाजत होतं. मी नुसती नजर फिरवली आणि परतले. बघून कुणाला सांगायचंय, असं काहीतरी मनात होतं.

बाबासो गाडीजवळच्या कट्ट्यासमोर हात मागे बांधून उभे होते. कट्टा रिकामा होता.

“सायबास्नी म्हणलं, वारं लई हाय, गाडीत बसा,” ते मला म्हणाले. “तर म्हणलं, हितंच बसतो. ती बघून आली की सांगंल.”

“कोण म्हणालं?”

“तुमचं सायब की. पांढरा शर्ट, खिशाला पेनं, चष्मा असा नाकावर आलेला.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “आत्ता हुतं की हितं.”

आता वाचणाऱ्याला वाटेल, माझ्या अंगावर काटा आला असेल. तसं काही झालं नाही. मी गाडीत बसले आणि म्हटलं, चला. परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडत होते. पांढरा शर्ट आणि खिशाला पेन असलेली साठीची माणसं पन्हाळ्यावर किती असतील. ‘ती सांगेल’ हे कुठलाही बाप मुलीबद्दल म्हणेल. रात्री नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारावं तसं विचारून घेतलं, की पूर्वी आमच्या कंपनीच्या कुणाला गाडीतून नेलंय का. नाही म्हणाले. गाडीच त्यांनी अलीकडे घेतली होती, आधी म्हशी होत्या. सर नोकरीच्या काळात कोल्हापूरला कधी आले नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या दुपारी जोतिबाला गेलो. तिथे देवळाकडे पायऱ्या उतरत जावं लागतं. जिथे हात लावावा तिथे गुलाल. बाबासोंना दर्शन घ्यायचं होतं म्हणून तेही बरोबर आले. मी चप्पल सांभाळत हळूहळू उतरत होते. ते म्हणाले, “चला की ताई बिगीबिगी. सायब पार खाली पोचलं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कसे पोचतील? त्यांचे गुडघे दुखतात.”

“कुठलं दुखत्यात? पोरावाणी उतरलं की माझ्याम्होरं.”

मी तिथेच पायरीवर बसले. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते. माझ्या डोक्यात एकच, की मग हे सर नव्हेत. गुडघे दुखत नाहीत म्हणजे दुसरंच कुणीतरी असणार. असा विचार मी अगदी गंभीरपणे करत होते. हिरव्या-गुलाबी गर्दीत मी पांढरा शर्ट शोधला. पांढरे शर्ट पुष्कळ होते. सर नव्हते.

परतताना गाडीत मी बाबासोंना सांगितलं. माझे एक साहेब होते, तुम्ही सांगता तसेच दिसायचे, आणि ते वारले आहेत.

त्यांनी घाटातलं वळण घेतलं, जरा पुढे जाऊन गाडी बाजूला लावली, उतरले. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. बराच वेळ उसाकडे तोंड करून उभे राहिले. मग खिडकीशी आले.

“मग मी कुणाला बगालोय, ताई?”

“मला माहीत नाही.”

“मी मघाशी त्यास्नी पेढा दिला.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “घेतला न्हाई. नगं म्हणलं. साखर हाय म्हणलं.”

सरांना डायबेटिस होता. मी हे त्यांना सांगितलं नाही.

हॉटेलपाशी सोडताना ते म्हणाले, “उद्या दुसरी गाडी लावून देतो. माझं घरदार हाय, ताई. राग मानू नका.”

मी कधी कुणाला विनवण्या करत नाही, पण तेव्हा केल्या. म्हटलं, “तुम्हीच या. मला ते दिसत नाहीत. तुम्ही नसलात तर मला कळणारही नाही ते आहेत की नाहीत.”

ते गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आले. मनगटात काळा दोरा होता. “बायकोनं बांधला,” म्हणाले, “ती म्हणली, बाईमाणूस एकलं हाय, जावा.” फाउंड्रीला त्या दिवशी सुट्टी होती आणि आम्ही खिद्रापूरला निघालो. मी पुढच्या सीटवर बसले. शहर मागे पडल्यावर विचारलं, “आहेत?”

त्यांनी आरशात बघितलं. “हाईत. खिडकीतनं बगाल्यात.”

मी मागे वळून पाहिलं. सीट होती, सीटवर माझी बॅग होती. उन्हाचा पट्टा पडला होता. मी परत पुढे बघायला लागले. बाबासो एरवी मोठ्याने गाणी लावायचे, त्या दिवशी लावली नाहीत.

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात मी खूप वेळ होते. सर गेल्यानंतर मी पहिल्यांदाच काहीतरी लक्ष देऊन बघत होते, लक्षात राहावं म्हणून. बाहेरच्या भिंतीला तळाशी हत्तींची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवलंय. त्यातल्या काहींच्या सोंडा तुटल्यात. एका हत्तीच्या पायाशी कुणीतरी शेंगांची टरफलं टाकली होती. मग स्वर्गमंडप. गोल मंडप, खांबांचं वर्तुळ, आणि वर मधोमध छप्परच नाही. आभाळ गोल कापून ठेवल्यासारखं दिसतं. खाली त्याच मापाची गोल दगडी फरशी. मी त्या फरशीवर उभी राहून वर बघितलं. एक घार त्या गोलातून गेली. दगडाला थंड, ओलसर वास होता.

बाहेर आले. गाडी झाडाखाली होती, मागचं दार उघडं ठेवलेलं. मी बाबासोंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली — आहेत. आणि ते आपणहून दूर गेले, पार नदीकडच्या वाटेपर्यंत.

मी उघड्या दाराशी उभी राहून सांगायला लागले. रिकाम्या सीटशी मी मोठ्याने बोलत होते आणि मला लाजही वाटत नव्हती. उसाच्या रसाच्या गाडीपासून सुरुवात केली. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांचं सांगितलं, हत्तींचं सांगितलं, सोंडांचं, टरफलांचं. मग मंडपाचं, आभाळाचं, घारीचं. काही विसरले नाही. सांगून झाल्यावर तशीच थांबले. नेहमी सर त्यावर एखादा प्रश्न विचारायचे. कुणी काही विचारलं नाही.

बाबासो परत आले तेव्हा मी विचारलं, “ऐकलं त्यांनी?”

त्यांनी आधी गाडीचं मागचं दार लावलं.

“हत्तीचं सांगत हुता, तवर हुतं. दोन्ही हात मांडीवर, डोळं मिटून. मग उठलं, दुसऱ्या अंगानं उतरलं आन् नदीच्या वाटेनं गेलं. माझ्या शेजारनं गेलं, ताई. मी बाजूला झालो.”

“काही म्हणाले?”

“न्हाई.”

म्हणजे स्वर्गमंडपाचं त्यांनी ऐकलंच नाही. मी नदीपर्यंत जाऊन आले. घाटावर एक बाई कपडे धूत होती. परतीच्या वाटेवर बाबासोंनी मी न विचारताच दोनतीनदा आरशात बघितलं आणि ‘नाहीत’ अशी मान हलवली. त्यानंतर काम संपेपर्यंत त्यांना कुणी दिसलं नाही. मशीनचे आकडे बरोबर आले, सह्या झाल्या, मी पुण्याला परतले.

हे काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, सांगावं की नाही यात बरेच दिवस गेले. शेवटी गेले. त्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. मी सांगत गेले आणि त्या घड्या घालत गेल्या. मध्ये एकदाच विचारलं, “पेढा नको म्हणाले?” मी हो म्हटलं. त्या थोडंसं हसल्या.

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “इकडे नाही आले.” आज पेपर नाही आला, असं सांगावं तशा. येताना मी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येते आहे असं मला वाटलं होतं. त्यांच्याकडे ते पोचलं तेव्हा ते वेगळंच काहीतरी झालं होतं.

निघताना त्यांनी बाबासोंचा नंबर मागून घेतला.

नंतर एका दुपारी मी ऑफिसात असताना बाबासोंचा फोन आला. आवाज दाबून बोलत होते.

“ताई, तुमच्या काकू आल्यात. एकल्याच. पन्हाळा झाला, जोतिबा झाला, आत्ता खिद्रापुरात हाय. परत्येक ठिकाणी मला इचारत्यात, दिसलं का, दिसलं का. मला कोण दिसंना, ताई. काय सांगू?”

मी खुर्चीतून उठून जिन्यापाशी गेले. खरं सांगते, ‘आहेत म्हणून सांगा’ हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. बाबासोंनी सांगितलंही असतं.

“जे दिसतंय ते सांगा,” मी म्हटलं.

“कायच न्हाई दिसत.”

“मग तेच सांगा.”

त्यांनी फोन बंद केला नाही, नुसता खाली धरला असावा. त्यांची पावलं ऐकू आली, मग त्यांचा नेहमीचा मोठा आवाज, “न्हाईत, काकू. कोण न्हाई.”

कावळे ओरडत होते. मग काकूंचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट.

“बरं. आता आलेच आहे तर आत जाऊन बघून येते.”

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने बाबासो फोनवर आले आणि म्हणाले, “गेल्या आत.” एवढंच.

काकू परत आल्या त्याला आता पुष्कळ दिवस झाले. आम्ही भेटतो, चहा घेतो, त्या विषयावर बोलत नाही. बाबासोंना काय दिसलं, त्यांनाच का दिसलं, मला का नाही, काकूंना का नाही... यातलं एकही मला सांगता येत नाही. कुणी भास म्हणेल, पण भास दुसऱ्याच्या साहेबाचा कसा होतो? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. माझ्याकडे आकडा आलेला नाही.