खिळ्यांना टांगलेला वर्ग

राणीसावरगावच्या पुढच्या एका वाडीत तिसरी-चौथीचा वर्ग सुकेशनी मॅडमकडे होता. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं ऊसतोडीला जात आणि लेकरंही सोबत नेत. या वर्षी वर्गातल्या सातांपैकी सहा गेली. उरली निकिता. तिची आई कमलबाई किराणा दुकान चालवी, म्हणून ते घर हललं नव्हतं.

"मॅडम, तुमचा तर खासगी क्लास झाला की," शेजारच्या खोलीत पहिली-दुसरीला शिकवणारे भीमाशंकर सर म्हणाले.

मॅडम हसल्या. राणीसावरगावात भाड्याच्या खोलीत त्या एकट्याच राहत. दिवसभरात चार वाक्यं बोलणं व्हायचं ते निकिताशीच.

मॅडमच्या मोबाईलवर चाचणीचं एक अ‍ॅप होतं. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक चौकोनी कार्ड; त्यावर काळी-पांढरी नक्षी आणि चार कडांना अ, ब, क, ड. प्रश्न विचारला की आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचं. मॅडम मोबाईल वर्गावरून फिरवत, कॅमेरा कार्डं ओळखी आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते पडद्यावर दिसे. शाळा सुटली की कार्डं भिंतीवरच्या खिळ्यांना टांगायची. त्यासाठी भोकं पाडताना मॅडमनी सगळी 'ब'च्या कडेला पाडली होती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या चाचणीत निकिताने 'क' वर धरला. मॅडमनी मोबाईल फिरवला, तर पडद्यावर ऊसतोडीला गेलेल्या भुजंग-अर्पितासकट सात नावं. बाकी सहाजणांचं उत्तर 'ब'.

"म्याडम, भुजंग बी आला म्हणायलाय मोबाईल!" निकिता खिदळली.

मॅडमनी भिंतीवर 'ब' वर करून टांगलेल्या कार्डांकडे पाहिलं आणि त्याही पोट धरून हसल्या. मग ती सहा उत्तरं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी निकिताने कार्डं खिळ्यांवरून काढली आणि ज्याच्या त्याच्या जागेवर पाटीला टेकवून उभी केली. प्रत्येक प्रश्नाला ती धावत जाऊन कार्डं फिरवू लागली.

"भुजंगचं 'ड' करते. त्याला भागाकार येतच न्हाई."

"आणि अर्पिता?"

"तिचं बरोबर येतंय, पण माझं बघून."

हे शिकवणं नव्हे, हे मॅडमना कळत होतं. पण खोलीत पुन्हा आवाज होता. खेळ थंडीभर चालला. निकिता आता कार्डांशी भांडायचीही. "सरक की तिकडं, अर्पे. लय जागा खायलीस."

एका दुपारी ती अशीच ओरडत असताना कमलबाई डबा घेऊन दारात उभी होती.

"म्याडम, हे काय चाललंय?"

"उजळणी आहे, ताई. खेळातून."

"खेळायला समोर लेकरू लागतं. ही घरी बी एकटीच बोलायली. मला वाटलं, शाळेत तरी नीट असंल." तिने डबा खाली ठेवला. "मानवतला माझी बहीण हाय. तिथल्या शाळेत वर्ग भरलेला असतोय. तिकडं ठेवते हिला."

"पाडव्यापर्यंत येतील ना सगळे. तोवर राहू द्या."

"कुणासाठी राहू देऊ, म्याडम?"

उत्तर मॅडमना माहीत होतं.

जायच्या दिवशी निकिताने सहा कार्डं उचलून पुन्हा खिळ्यांना लावली. सातवं हातात राहिलं.

"माझं नेऊ का?"

"ने. पण तिथं त्याचा उपयोग नाही."

"असू द्या की," म्हणत तिने ते दप्तरात सारलं.

दुसऱ्या दिवशी भीमाशंकर सर दारात आले. "इकडंच येऊन बसा की, मॅडम. एकट्या काय करताय?"

"येते," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. मोबाईल काढून त्यांनी अ‍ॅप उघडलं आणि कॅमेरा सावकाश भिंतीवरून नेला. भुजंग, अर्पिता, एकेक करत सगळी नावं हजर झाली. तळाशी तेवढं एकच नाव गैरहजर राहिलं: निकिता.

या वेळी मॅडमनी काही पुसलं नाही.