लालबागमध्ये सापडलेलं गाव

तुमच्या गावात सरकारी इंटरनेट पोहोचलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? गावात राहणाऱ्या माणसानं, की एखाद्या कार्यालयातल्या नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यानं? उगाच विचारत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षात याच ठिपक्यापायी माझ्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत एक अख्खं गाव जमा झालं होतं. खून, दरोडे बरेच विसरलो. हे प्रकरण काही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा लालबाग-परळ भागातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती. जवळच्या चाळीतले एक निवृत्त कारकून आत आले, खुर्ची पुढे ओढून कुजबुजले, "साहेब, माझं नाव कुठे येता कामा नये. आमच्या डोक्यावर सट्टा चालतो."

"कशावरून?"

"यंत्र आहे. लाईट लुकलुकतात. समोर कायम एक माणूस बसलेला. माणसं बदलतात, पण खुर्ची रिकामी राहत नाही. आणि जिन्यातून जाणारा प्रत्येक जण ओरडतो, 'हिरवो असा मा?' म्हणजे हिरवा आहे ना? आतून उत्तर येतं, 'असा, असा!' हा कोडवर्ड नाही तर काय?"

कुजबुजत आलेल्या खबरीत निम्मा भाग शेजाऱ्यांच्या भांडणाचा असतो, हा माझा अनुभव. तरी खबर ती खबर. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदार व दोन शिपाई घेऊन निघालो. हवालदार साताऱ्याकडचे. कोकणी माणूस सरळ बोलतच नाही, असं त्यांचं ठाम मत.

ती खोली होती गावाची. गिरणगावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातलं एकेक गाव चाळीत एकेक खोली घेई. गावचा कुणीही पुरुष मुंबईत आला की ट्रंक तिथेच ठेवायचा. गिरण्या गेल्या, खोल्या राहिल्या. आता तिथे गावाचं मुंबई मंडळ भरतं. देवळाला रंग कोणता द्यायचा, पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची, गावातलं सगळं लालबागेत ठरतं. गावात ते फक्त कळवलं जातं.

हवालदारांनी दार ढकललं. "पोलीस! कुणी हलायचं नाही!"

कुणी हललंच नाही. चार साठी उलटलेले गृहस्थ चहा पीत होते. पाचवे बनियनवर, खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर फळी, फळीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि फोटोशेजारी पांढरा डबा. डब्याला कुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल, आणि पुढे एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"उठा," हवालदार म्हणाले.

"वाईच थांबा," मान न वळवता खुर्ची म्हणाली. "माझी पाळी असा."

डब्यावर चिकटवलेलं वाचलं. शासकीय मालमत्ता. खाली सिंधुदुर्गातल्या एका ग्रामपंचायतीचं नाव, आणि ग्रामपंचायत कार्यालयाबाहेर हलवू नये अशी सूचना. सरकारी वस्तू पंचायतीतून उचलून लालबागेत आणलेली! पंच बोलावले, पंचनामा केला, आणि हवालदारांनी वायर उपटली. दिवा विझला.

"अरे देवा!" मंडळाचे सेक्रेटरी कपाळाला हात लावून खालीच बसले. "विझवलात? आता आमच्यावर बालंट येतला."

ठाण्यात त्यांचा जबाब घ्यायला बसलो. सेक्रेटरी बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा खास घालून आले होते.

"डबा कुणी चोरला?"

"चोरलो नाय साहेब. आमच्या गावचोच डब्बो, आमच्याच खोलीत."

"गाव तिकडे आहे ना?"

"गाव?" ते हसले. "साहेब, गावात म्हातारी माणसं आणि कुलपां. ग्रामसभा कोरम नाय म्हणून तहकूब होता. आमची सभा जिन्यापर्यंत भरता. आता तुमीच सांगा, गाव खंय असा?"

"साहेब, ह्यांना कोठडी दाखवू का?" हवालदार म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. सरकारी इंटरनेटच्या कंत्राटदाराच्या माणसांनी पंचायतीच्या टेबलावर डबा ठेवला, फोटो काढला आणि निघून गेले. केबल खालच्या रस्त्यापर्यंतच आलेली. डबा कधी लागलाच नाही. गावाला वाटलं, डबाच बिघडलेला. बिघडलेलं काहीही गावाबाहेर एकाच ठिकाणी जातं, मुंबई मंडळाकडे. सरपंचानं फणसाच्या पोत्याबरोबर तो खाजगी बसनं धाडून दिला. मंडळानं चाळीतल्या केबलवाल्याकडून जोडून पाहिला, तर हिरवा!

"म्हणजे डबा चांगला होता. मग परत का नाही पाठवला?"

"तक्रार केली ना! डब्बो चांगलो असा, तुमची लाईन घाला. उत्तर इला, तुमच्या गावाचा यंत्र सुरू असा, तक्रार बंद. परत केली, परत बंद. म्हटला, सरकार म्हणता सुरू, आणि आमी बंद केलो तर? म्हणतीत, तुमीच मोडलात. म्हणान पाळी लावली."

देवळातल्या दिव्याला लावतात तशी पाळी त्यांनी सरकारी दिव्याला लावली होती. इतका प्रामाणिकपणा मी आरोपींत कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन वाजला. गावची वहिनी. डोंगरावरच्या वरच्या वाडीत तिचं रेशन दुकान. मी फोन स्पीकरवर घ्यायला सांगितला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"भावजी, आज पण अंगठो लागत नाय. सड्यावर इलंय मशीन घेऊन. तीन म्हाताऱ्यांका कातळावर बसवलंय."

मी विचारलं, "बाई, मी पोलीस बोलतोय. दुकान सोडून डोंगरमाथ्यावर कशाला?"

"दुकानात रेंज खंय साहेब? मशीन नेटाशिवाय अंगठो घेत नाय. अंगठो नाय तर तांदूळ नाय. महिनो संपलो की त्या महिन्याचा धान्य गेला. एका आजोबांका तर खुर्चीत घालून वर आणलंय." मग आवाज चढला. "तो डब्बो तुमी जप्त केलात काय?"

"हो."

"बरा झाला! हिरवो हिरवो म्हणान कान किटले. आता तरी कोणतरी बघूक येतलो!"

मी कोकणातल्या संबंधित ठाण्याला फोन केला. तिथल्या निरीक्षकानं तालुक्याला विचारून कळवलं, "साहेब, चोरी वगैरे काही नाही. नोंदीप्रमाणे डबा पंचायतीत आहे. गाव जोडलेलं आहे." मुद्देमाल माझ्या टेबलावर, आणि गुन्हाच नाही. फिर्यादी नाही, चोर स्वतः मालक, आणि माल म्हणे जागेवरच.

उलगडा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बुके. कंत्राटदाराचा तालुका समन्वयक.

"सर, छोटीशी रिक्वेस्ट. तो डबा तुमच्या इथे प्लगला लावाल का? कुठलंही वायफाय चालेल."

"मुद्देमालाच्या खोलीत?"

"सर, काल दुपारपासून नकाशावर गाव लाल झालंय. वरून फोनवर फोन येतायत. लाईट लागली की गाव हिरवं."

"गावात गेला आहात कधी?"

"सर, पंचायतीला डिलिव्हरी आहे. पंचायत कव्हर झाली की तिच्यातल्या सगळ्या वाड्या कव्हर."

"वरची वाडी डोंगरावर आहे."

"आमच्याकडे वाडी असं काही नसतं सर. युनिट पंचायत."

"बरं. पंचायत कशी जोडली?"

"डबा लागला ना सर."

"कुठे लागला?"

समन्वयकानं बुके या हातातून त्या हातात घेतला. "...लालबागला."

हवालदारांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, मग आपलं ठाणं कालपासून ग्रामीण भागात धरायचं का? पगारात काही फरक?"

मी डबा लावला नाही. समन्वयकाचा जबाब घेतला, त्याच्याच तोंडून: केबल रस्त्यावर थांबली, डबा पंचायतीत कधी चालला नाही, हिरवा ठिपका लालबागचा. मंडळावर गुन्हा दाखल केला नाही. अहवाल न्यायालयाला आणि जिल्ह्याला गेला, न्यायालयाच्या आदेशानं डबा गावी गेला. केबलही आली. माणसं तक्रार करत होती तोवर कुणी हललं नाही. एक दिवा विझला तसा माणूस बुके घेऊन धावत आला. यंत्रणेला माणूस दिसत नाही, दिवा दिसतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं. आता पंचायतीत डबा खरोखर चालतो. कार्यालय संध्याकाळी बंद होतं, सुट्टीला बंद असतं, आणि वरच्या वाडीपासून डोंगर उतरून जावं लागतं. गाव पुन्हा हिरवं आहे, यावेळी कुणीही खोटं न बोलता. आणि वहिनी आजही मशीन घेऊन सड्यावर चढते. फसवणूक मी पकडू शकलो. पण ज्या व्याख्येत वाडी नावाची गोष्टच नाही, त्या व्याख्येला अटक करण्याचं कलम माझ्याकडे नव्हतं. ग्रामीण भागासाठी म्हणून आलेला पैसा पंचायतीच्या टेबलापर्यंत पोहोचला की पोहोचला म्हणायचं, आणि डोंगरावरच्या म्हाताऱ्याचा तांदूळ बुडवायचा, याला मी चोरीच म्हणतो.

वाडीवाडीची वेगळी मोजणी करा, असा ठराव वहिनी ग्रामसभेत दोनदा मांडायला गेली. दोन्ही वेळा कोरम नाही म्हणून सभा तहकूब. ज्यांच्या हातांनी कोरम भरला असता, ते लालबागेत त्याच ठरावाला एकमतानं पाठिंबा देत होते.

म्हणून गिरगाव, दादर, लालबाग, परळच्या तमाम मंडळांना माझी विनंती आहे. ज्यांची नावं अजून गावच्या मतदारयादीत आहेत, त्यांनी पालखीसाठी काढता तशी एक बस ग्रामसभेसाठी काढा. आधी गावच्या सगळ्यात वरच्या घराच्या अंगणात उभे राहून फोन लावून पहा. लागला नाही, तर सभेत जाऊन बसा आणि हात वर करा.